गाळलेला अंतरा

रविवार, ५ जानेवारी १९६४. पौड.

आज पुन्हा अर्धंच ऐकलं. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या ओट्यावर, औषधाची बाटली हातात घेऊन. नव्या नाटकातलं पद, विमल गाते ते.
नाविका, नाव जरा वळव मागे
अंगणी दिवा माझा अजून जागे.
पहिला अंतरा झाला, दुसऱ्याची सुरुवात झाली, चाल वर जायला लागली आणि रेडिओची बॅटरी बसली. ही तिसरी वेळ. डॉक्टर म्हणतात, "वहिनी, उद्या नवी येतेय पुण्याहून." उद्या हे पद थोडंच लागणार आहे.

पलीकडे एवढं मोठं धरण. वीज डोंगर उतरून सरळ मुंबईला जाते आणि आम्ही कंदिलाच्या काचा पुसतो. रोज चिडते, रोज पुसते.

संध्याकाळी हेडमास्तर आले. प्रजासत्ताकदिनाला शाळेत काहीतरी दर्जेदार हवं म्हणे. माझ्या तोंडून निसटलं की ती रेडिओवरची विमल आणि मी एकाच मास्तरांकडे शिकलो. हेडमास्तर खुर्चीतून उठलेच. "वहिनी, मग एक पत्र टाका की." ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही काढलं नाही. म्हणाले, "टाक. शाई कचेरीची आहे."

बुधवार, ८ जाने.

पत्र चार वेळा लिहिलं. पहिल्यात "प्रिय विमल", ते परक्यासारखं वाटलं. दुसऱ्यात "सौ. विमलताई", मग आठवलं की तिचं लग्न झालंय की नाही तेच ठाऊक नाही. तिसरं फार लाचार. चौथं असं: "विमे, २६ ला पौडला गायला येशील का? शाळेचं काम आहे. मी इथंच असते. सुमी."

टाकलं. पेटीत पडल्याचा आवाज आल्यावर हात घालून परत काढावंसं वाटलं. येऊ नये, असं वाटलं. यावी, असंही.

शुक्रवार, १७ जाने.

वि.चं उत्तर आलं. अक्षर तसंच, उजवीकडे कलंडलेलं. "सुमे, येते. साथीला दोघे, निवेदक एक. मोटार आमचीच. चार ते सहा गाईन, नंतर थांबता येणार नाही, पुण्यात तालीम आहे. तू तंबोऱ्यावर बस. तुझ्याइतका सुरेल कुणी लावत नाही."

हे शेवटचं वाक्य दिवसभर पदराच्या गाठीत बांधल्यासारखं घेऊन फिरले. आमटी खारट झाली.

आता लिहूनच टाकते. बारा वर्षं कुणाशी बोलले नाही, वहीशी तरी बोलावं. मास्तरांकडे ते नाटकमंडळीचे मालक आले होते, तेव्हा मी एकोणीस वर्षांची. दोघींनाही म्हणायला लावलं. मी मास्तरांची ती बागेश्रीतली बंदिश म्हटली आणि वरच्या सुरावर उभी राहिले. मालकांनी मान डोलावली, बोट माझ्याकडे केलं. घरी वडील एवढंच म्हणाले, "गाणं घरात." आई तवा घासत राहिली. महिन्याभरात विमल नाटकमंडळीत गेली आणि वर्षाच्या आत मी लग्न होऊन ह्यांच्या बदल्यांमागे. वडगाव, मग शिरूर, आता तीन वर्षं पौड. ह्यांनी कधी गाऊ नको म्हटलं नाही. गा असंही म्हटलं नाही. ह्यांना सूर आणि शिट्टी यांतला फरक कळत नाही, त्याला ते तरी काय करणार.

मला हेवा वाटतो तिचा. फार वाटतो. मला गायचं होतं.

मंगळवार, २१ जाने.

भागूबाई रतिबाचं दूध घालायला आली ती दारातूनच, "वैनी, नाटक येतंय म्हनं तुमच्या वळखीचं."
म्हटलं, नाटक नाही ग, नाटकातली गाणी.
"तेच की. गानी म्हन्ली की नाटक आलंच."
अग, नुसती गाणी. बसून म्हणायची.
"आन् बाकीचं कवा?"
हात टेकले. पार धरणाकाठच्या माले गावापर्यंत बातमी गेलीय, तिकडून बैलगाड्या येणार आहेत. हेडमास्तरांना सांगितलं की लोकांना नीट समजावा. ते म्हणाले, गर्दी होतेय ना, झालं तर मग.

भागूबाईचं मला कौतुक वाटतं. पन्नाशीची असेल, हाताला उसंत नाही. माहेर विचारलं की धरणाकडे हात करते. गाव पाण्याखाली आहे.

गुरुवार, २३ जाने.

तंबोरा खुंटीवरून उतरवला. गवसणीला बुरशी. तारा गंजलेल्या, एक तर हात लावताच तुटली. डोळ्यांत पाणीच आलं, तारेला काय, निमित्त. हे कचेरीतून आले आणि खिशातून कागदाची पुडी काढून देवळीत ठेवली. नव्या तारा. सोमवारी पुण्याला जाणाऱ्या शिपायाला सांगून मागवल्या होत्या म्हणे. "कुठल्या लागतात ठाऊक नव्हतं. सगळ्या प्रकारच्या आणायला सांगितल्या." त्यांत एक सतारीची निघाली.

काळी पाचला लावला. विमलची पट्टी, आणि माझीही. घर भरून गेलं. गळ्यातून आवाज मात्र काढला नाही. भीती वाटली.

शनिवार, २५ जाने.

उद्या. जांभळं पातळ काढलंय. तंबोरा तीन दिवस बोलतोय, जवारी सुरेख लागलीय, तारा झणकारतात, स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटते. ते पद उद्या पुरं ऐकायला मिळेल. बॅटरी बसो की उठो. तेवढं एक ऐकलं की मी पुन्हा कशालाही तयार आहे, आमटीला आणि बदल्यांनाही.

सोमवार, २७ जाने.

काल लिहिवलं नाही. आज क्रमाने लिहिते, नाहीतर राग भलत्यावर निघेल. सकाळी भांड्यांवर निघालाच.

तीनपासून शाळेचं पटांगण भरलं. माल्याच्या गाड्या आल्या. लोकांनी घोंगड्या आणलेल्या, भाकरीची गाठोडी, एकीने तर पाण्याची घागर. जत्रेत रात्रभर खेळ असतो, त्या बेताने. चार वाजले, साडेचार वाजले. हेडमास्तरांनी मुलांकडून आठ समरगीतं म्हणवून घेतली, मग तीच पुन्हा.

सव्वापाचला मोटार आली. विमल उतरली. चकचकीत साडी, गळ्याला लोकरीचा मफलर. मला बघून हसली ती अगदी जुनी, मास्तरांच्या जिन्यातली. मी तंबोरा घेऊन मागे बसले, तार छेडली. ती मागे न वळता हळूच म्हणाली, "सुमे, तीन."

मला कळेना.

"काळी तीन कर. पाच नाही जमत आता."

पेटीवाल्याने तीन धरलीच होती. मी सगळ्यांसमोर खुंट्या उलट्या पिळल्या. तारा ढिल्या पडल्या, जवारी गेली, तंबोरा नुसता भुणभुणायला लागला. चार दिवसांची मेहनत. त्या क्षणी मला कळलं, हिचा आवाज खाली उतरलाय. तिथे बसलेल्या हजारभर माणसांत मला एकटीला.

निवेदक उभा राहिला. रसिकहो, असं म्हणून जो सुटला तो नवं रंगभूमीयुग, नवा स्वरविचार, जुन्याला नवी पालवी. त्याचा माइक मोटारीच्या बॅटरीवर, दर तिसऱ्या शब्दाला शिट्टी. म्हाताऱ्या बायांनी कानांवर पदर घेतले. मग पदं. दहा सांगितली होती, झाली सहा. प्रत्येकाचं धृपद आणि एक अंतरा, की लगेच पुढचं. वहीत बघून गात होती. स्वतःच्याच नाटकातली पदं, शंभरदा म्हटलेली. दोन पदांच्या मध्ये मनगटावरचं घड्याळ. वर जायची जागा आली की पेटीवाला जोरात वाजवायचा आणि ती तिथे तोंड मिटून मान हलवायची. लोकांना वाटलं, अशीच पद्धत असेल.

वन्स मोअर कुणी दिला नाही. इथे देत नाहीत, इथे बत्तासे फेकतात, आणि बत्तासे कुणी आणलेले नव्हते.

शेवटी "नाविका." धृपद झालं, बरं झालं, खालीच आहे ते. अंतरा झाला. "काठ सरे, गाव सरे, सरे आंबराई." आता दुसरा. तबलजीने तिहाई घेतली आणि विमलने नमस्कार केला.

संपलं.

वंदे मातरम् झालं. सगळे उभे राहिले, म्हटलं, आणि पुन्हा खाली बसले. कुणी हलेना. घोंगड्या पांघरल्या, गाठोडी सुटली, भाकरीला सुरुवात झाली. सरपंच मांडवाचे खांब निरखून हेडमास्तरांना विचारत होते, "पडदा कुटं बांदायचा?" निवेदकाने समजावलं, ही नाट्यगीतांची मैफल होती, मैफल समाप्त झाली. लोक ऐकून घेत होते आणि बसून होते. गाणी झाली म्हणजे आता नाटक, याच्यापलीकडे त्यांना काही पटेना. माल्याचा एक आजोबा उठून अगदी सभ्यपणे म्हणाला, "आवो, पन ती नावंतली बाई चालली कुटं, ते तरी सांगा."

निवेदक हसला. मला त्याचा फार राग आला. कारण प्रश्न बरोबर होता आणि उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. रेडिओवर कुणी गोष्ट सांगत नाही.

वि. घरी आली, दहा मिनिटं. चहा कोमट करून मागितला. भिंतीकडे, चुलीकडे, देवळीकडे बघत राहिली. म्हणाली, "किती शांत आहे ग तुझं घर. सुमे, तू सुटलीस."

बारा वर्षं जिचा हेवा केला ती म्हणते मी सुटले. तिच्या कपात दोन चमचे मीठ घालावंसं वाटलं. विचारलं, दुसरा अंतरा का गाळलास?

"वर जात नाही आवाज. घशात गाठी आल्यात. नाटकातसुद्धा गाळते आता. मालक कुरकुरतात." मग एकदम, "चाल ओळखलीस की नाही? मास्तरांची बागेश्री आहे. तुझी."

ओळखली होती. पहिल्याच वेळी, बाटली हातात धरून. त्यासाठीच तर पुरं ऐकायचं होतं.

नाटकात ती बाई जाते कुठे, असं विचारत होते तोवर मोटारीचा भोंगा वाजला. "तू ये ना बघायला," म्हणाली आणि गेली. मफलर विसरून गेली.

मंगळवार, २८ जाने.

गावात नाराजी. सरपंच ह्यांना कचेरीत म्हणाले, "रावसायेब, पुन्याच्या लोकांनी निम्मंच दिलं." हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तक्रार तुझ्या खात्याची आहे."

भागूबाईने दूध मापलं, भांडं ठेवलं, गेली नाही. "वैनी, त्या बाईची तुमची वळख. तिला इच्यारलं न्हाई व्हय, ती का रडत हुती ते?"
रडत नव्हती, गात होती.
"गळ्यात रडत हुती. तुमास्नी ठावं न्हाई?"
ठाऊक नाही म्हणायला लाज वाटली. गाणं शिकलेली, पुण्याची बाई मी. म्हणून बोलून गेले, तिला घर सोडून जावं लागलं ग. नावेतून. घरात दिवा तसाच राहिला.
भागूबाई उंबऱ्यावर बसली. "कुनी घालवली तिला?"
म्हटलं, उद्या सांगते, भात करपतोय.

शुक्रवार, ३१ जाने.

माझ्या ओट्यावर पाच बाया. वाल निवडायला म्हणून आल्या, वाल माझे, निवडणार त्या, आणि तोंडं माझ्याकडे. भागूबाईने सांगून ठेवलं होतं की कारकुनीण वैनीला राहिलेलं नाटक येतं.

मी थाप मारते आहे हे मला कळत होतं. तरी सांगत गेले. नदीकाठचं गाव, तिथली एक बाई, नवऱ्याने दुसरी केली म्हणून ती माहेरी निघते... भागूबाईने मला थांबवलं. "न्हाई वैनी. तसं न्हाई. नवऱ्यानं टाकली तर कोन मागं वळून बघतंय? तिचं गावच चाललंय. पानी चढतंय."

बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांना पटलं होतं. मला कुणी विचारलंच नाही.

मग तिने सांगितलं. ती दहा-बारा वर्षांची होती. धरणाचं पाणी ओढ्यातून मागं मागं यायला लागलं. सामान गाड्यांत गेलं, माणसं शेवटी होडीत. "माजी आय काय बसंना. म्हनायची, चुलीत इस्तू हाय, तो इजवून येते. बाबा म्हनं, पानी इजवंल की. तर आय म्हन्ली, न्हाई, मीच इजवायला पायजे. मंग गेली, आन् ईना. चुलीम्होरं बसून ऱ्हायली हुती. उचलून आनली."

वाल तसेच सुपात. मी काही न ठरवता म्हटलं, "अंगणी दिवा माझा अजून जागे." म्हटलं म्हणजे गायले. बसल्या जागी, तंबोऱ्याशिवाय, ओल्या हातांनी. आवाज कसला, जुनी बिजागरी. पहिल्या अंतऱ्याला जरा मोकळा झाला. दुसऱ्याला शब्द नव्हते, तेव्हा नुसत्या आऽ-कारात वर गेले, बागेश्रीची वाट ठाऊक आहेच. आणि गेला. वरच्या षड्जाला लागला. थरथरला, पण लागला.

एकजण म्हणाली, "हितं ती का वरडली?"
भागूबाई म्हणाली, "आता गाव दिसंना झालं."

बुधवार, ५ फेब्रु.

रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी बाया येतात. वाल संपले, आता मी गहू काढलेत. रोज तीच गोष्ट, थोडी पुढे जाते, थोडी सुधारून मिळते. मी एका जागी चुकले की तिघी सांगतात. सकाळी हे कचेरीत गेले की तासभर तंबोरा, पुन्हा काळी पाचला चढवलाय. परवा मामलेदारीणबाईंनी विचारलं, "घरी कुणी येतं का शिकवायला?" नाही म्हटलं, जुनंच आहे.

दुसऱ्या अंतऱ्याला शब्द हवेत. नुसतं आऽ किती दिवस करणार. वि.ला लिहिलं: शब्द पाठव. मफलर सोबत पाठवते आहे. घशाला जप.

आनंद म्हणायचा का याला? नुसता आनंद नाही. आवाज लागला की पहिला विचार येतो, बारा वर्षं कुठे होतास? एवढी वर्षं खुंटीला टांगलेली. गळा मोकळा होतोय तशी हावही वाढतेय. ओट्यावर पाच बाया आहेत आणि मला डोळे मिटले की पडदा दिसतो.

सोमवार, १७ फेब्रु.

वि.चं पाकीट. तीन गोष्टी निघाल्या.

एक, शब्द:
सोन्याचा सौध तुझा नको रे मला
मातीच्या ओसरीला जीव गुंतला.

दोन, रविवार २३ च्या दुपारच्या प्रयोगाचे दोन पास.

तीन, चिठ्ठी. "डॉक्टरांनी तीन महिने गाऊ नको म्हणून सांगितलंय. २३ चा माझा शेवटचा. मालकांना दुसरा अंतरा म्हणू शकेल अशी कुणी हवीय. मी तुझं नाव सांगितलं. त्यांना तू आठवतेस, सुमे. बागेश्रीवाली मुलगी म्हणाले. प्रयोगानंतर ऐकतील. तीन महिने पुण्यात राहावं लागेल, माझ्याकडे राहा. ये. निदान नाटक तर बघ, म्हणजे ती बाई कोण ते तुला कळेल. आमच्यात ती राजकन्या आहे."

चिठ्ठी चार वेळा वाचली. बागेश्रीवाली मुलगी. एकतीस वर्षांची आहे मी, पुढचे केस पिकायला लागलेत.

हे आले तेव्हा चहाबरोबर चिठ्ठी पुढे केली. वाचली, घडी घातली, पुन्हा उघडून वाचली. "तीन महिने," म्हणाले. मग, "मला पिठलं येतं." एवढंच. मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही, ऐकणार आहेत नुसतं. ते म्हणाले, "मला त्यातलं कळत नाही. पण गेले पंधरा दिवस तू भांडी आपटत नाहीस, तेवढं कळतं."

जिन्याखाली जाऊन रडले. आमच्याकडे जिना म्हणजे माळ्याची शिडी, तिच्याखाली.

मंगळवार, १८ फेब्रु.

बायांना नवीन शब्द म्हणून दाखवले. एकीने लगेच विचारलं,
"सोन्याचा म्हाल कुठनं आला मदीच?"
खरं सांगायचं तर, ती राजकन्या आहे. सांगितलं नाही. म्हटलं, तिला मुंबईला न्यायला आलेत ग. तिथला महाल. लखलख दिवे.
भागूबाई म्हणाली, "व्हय. आमच्या पान्यावर लागल्यात तितलं दिवं. माजा थोरला भाऊ तितंच गेला गिरनीत. बराबर हाय." आणि बाकीच्यांना, "घ्या, बराबर हाय."

शिक्का बसला. राजकन्येचं आता इथे कुणी ऐकून घेणार नाही.

शनिवार, २२ फेब्रु.

बायांना आज सांगितलं. नाटक बघायला जातेय पुण्याला, खरं नाटक. आणि ते दुसरंही सांगितलं, लपवून काय करायचं. लागलं तर तीन महिने.

वाटलं होतं हरखतील. गहू निवडत राहिल्या. एकजण म्हणाली, "मोटी व्हनार मंग आमची वैनी." भागूबाई सूप पाखडत होती. ते खाली ठेवून म्हणाली, "जावा. गळा हाय तर जायालाच पायजे. आमी म्हनाया लागलो ऱ्हावा, तर तुमच्या बापात आन् आमच्यात काय फरक ऱ्हायला?"

वडिलांचं मी तिला कधी सांगितलं ते आठवत नाही. गोष्टीच्या ओघात सांगितलं असेल.

उठताना म्हणाली, "पन वैनी, एक करा. तितली बाई कोन हाय, कुटं चाललीया, त्ये बघून आला तरी आमाला सांगू नका. आमची बाई आमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

कबूल केलं. आणि मग दिवा लावताना कळलं की पंचाईत माझीच आहे. उद्या तिथे उभी राहिले तर त्या राजकन्येचं गाणं म्हणायचं. मला आता तिच्या जागी चुलीपुढे बसलेली भागूबाईची आई दिसते, दुसरं काही दिसतच नाही. मालकांना हे कसं सांगणार? आणि सांगायचं तरी कशाला, गळा लागला की झालं ना. झालं का?

जायचंय मला. खोटं कशाला लिहू. फार जायचंय.

रविवार, २३ फेब्रु. सकाळ.

पास दोन होते. ह्यांना म्हटलं, चला. म्हणाले, "मी आलो तर तू माझ्याकडे बघत बसशील, मला झोप येतेय का म्हणून." खरं आहे. पहाटेच उठून त्यांनी पाणी तापवलं, स्वतः पिठलं करून दाखवलं. गुठळ्या होत्या, पण खाण्यासारखं.

जांभळं पातळ नेसले. पिशवीत शब्दांचा कागद, पास, मफलर. तो पाठवायचा राहूनच गेला होता. तंबोरा गवसणीत घातला. खुंटीवर टांगायला हात वर केला आणि टांगला नाही, भिंतीशी उभा करून ठेवला.

भागूबाई नेहमीपेक्षा लवकर आली, दूध घातलं, माझ्याकडे बघून "चांगलं दिसतंय" म्हणाली. पातळाला म्हणाली की कशाला, कोण जाणे. वर मापात थोडं जास्त घातलं.

हे दारात उभे. "परत कधी?"
संध्याकाळच्या गाडीने, म्हटलं.
ते चपला घालून अंगणात गेले.

आत येऊन पिशवीत दुसरं पातळ ठेवलं. एका दिवसाला कशाला लागतं, म्हणून काढलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. आता पलंगावर आहे, घडी मोडलेली, मी त्याच्या शेजारी बसून हे लिहितेय. गाडी सातची आहे, सहा चाळीस झालेत. हे बाहेरून दोनदा खाकरले.